परतीची वाट आणि लेकरांची भाषा

जून महिना जवळ आला की आमच्या धर्मग्रामाच्या कचेरीत बाप्तिस्म्याचे दाखले मागणाऱ्यांची वर्दळ सुरू होते. शाळाप्रवेशासाठी दाखला हवा असतो. त्या रांगेत दरवर्षी एखादे तरी परदेशातून कायमचे परतलेले कुटुंब असते. बाप दहा-पंधरा वर्षे आखातात नोकरी करून आलेला, आई वसईच्याच एखाद्या वाडीतली आणि मुले मात्र कुवेत, दुबई किंवा मस्कतमध्ये वाढलेली. आईवडील माझ्याशी मराठीत आणि आपसांत सामवेदीत अथवा वाडवळीत बोलतात. मुले एकमेकांशी इंग्रजीत कुजबुजतात. "फादर, आम्ही आता घरी आलो," असे बाप समाधानाने सांगतो, तेव्हा शेजारी उभा असलेला त्याचा मुलगा खिडकीबाहेर पाहत असतो. बापाच्या लेखी तो परतलेला असतो. मुलाच्या लेखी त्याने घर, मित्र आणि शाळा नुकतीच मागे टाकलेली असते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी धर्मशिक्षणाच्या वर्गात सर्वांदेखत रागावलो. प्रभूने शिकवलेली प्रार्थना त्याला मराठीत म्हणता येईना. "तू वसईचाच ना? मग स्वतःच्या भाषेत देवाशी बोलता येत नाही, याची लाज नाही वाटत?" असे काहीसे मी बोललो. मुलगा गप्प राहिला आणि नंतर कित्येक रविवार वर्गाला फिरकला नाही. त्याच सुमारास नहेम्याचा ग्रंथ पुन्हा वाचताना तेराव्या अध्यायातील एका प्रसंगापाशी मी अडखळलो. परदेशातून मायभूमीला परतलेल्या समाजाच्या मुलांना स्वतःची भाषा बोलता येत नाही, हे पाहून एक थोर पुरुष संतापाने बेभान होतो, असा तो प्रसंग आहे. आपल्या घराघरांत आज जे घडत आहे, ते सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी यरुशलेममध्येही घडले होते. तो इतिहास मुळापासून पाहावा, असे तेव्हा मनात आले.

बाबेलमध्ये बांधलेली घरे

इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकले आणि अवघ्या अठरा वर्षांचा राजा यहोयाखीन याला दरबारी, सैनिक व कारागिरांसह कैद करून नेले. दहा वर्षांनी बंड झाले, तेव्हा नगर व मंदिर दोन्ही भस्मसात झाले आणि आणखी लोक हद्दपार झाले. नेलेल्यांच्या संख्येबाबत शास्त्रातच दोन परंपरा आहेत. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात पहिल्याच खेपेला दहा हजार लोक नेल्याचे म्हटले आहे. यिर्मयाच्या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायात तीन खेपांची बेरीज ४,६०० येते. संख्या कोणतीही धरली तरी देशाचे हात आणि डोके परदेशी गेले, हे खरे.

परदेशी गेलेल्या माणसाच्या मनात पहिली काही वर्षे एकच विचार असतो : आपण लवकरच परत जाऊ. बाबेलमधील यहूद्यांना असेच सांगणारे खोटे संदेष्टेही भेटले. अशा वेळी यिर्मयाने यरुशलेमहून त्यांना एक पत्र पाठवले. घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, मुलाबाळांची लग्ने लावा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असा त्या पत्राचा आशय होता. परतीला सत्तर वर्षे लागतील, असेही त्याने बजावले. याचा अर्थ ज्यांनी देश सोडला त्यांच्यापैकी बहुतेकांना तो पुन्हा दिसणार नव्हता. परतणार होती ती त्यांची मुले आणि नातवंडे. म्हणजे मुळात जी कधी गेलीच नव्हती, ती परतणार होती.

या मुलांचे ओझरते दर्शन आपल्याला उत्खननातून घडते. बाबेल येथे जर्मन संशोधक रॉबर्ट कोल्डेवे याने केलेल्या उत्खननात कोठारातील शिधावाटपाच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्या १९३९ साली प्रसिद्ध झाल्या. यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच पुत्र यांना द्यावयाच्या तेलाची नोंद त्यांत आहे. सिंहासन गेलेला तरुण राजा आणि परक्या कोठारातील तेलावर वाढणारी त्याची पाच मुले! त्या मुलांना यरुशलेम म्हणजे बापाच्या तोंडून ऐकलेले एक नाव, एवढेच माहीत असणार.

सामान्य कुटुंबांची माहिती देणाऱ्या सुमारे दोनशे पाट्या अलीकडच्या काळात अभ्यासकांच्या हाती आल्या. त्यांपैकी शंभराहून अधिक पाट्यांचे वाचन २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि दुसऱ्या वर्षी यरुशलेममधील एका वस्तुसंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. इ. स. पूर्व ५७२ ते ४७७ या काळातील हे दस्तऐवज आहेत. त्यांत 'अल्-याहुदू', म्हणजे 'यहूदाचे गाव', अशा नावाच्या वस्तीचा वारंवार उल्लेख येतो. आपल्या माणसांनी परदेशात वसवलेल्या वस्तीला मायदेशाचेच नाव मिळावे, यातील ओढ आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. या पाट्यांत शोकगीते नाहीत. जमीन खंडाने घेणे, जवाचे व खजुराचे व्यवहार, कर, कर्ज, वारसांतील वाटणी हे त्यांतील विषय आहेत. एका घराण्याच्या तर चार पिढ्या त्यांतून ओळखता येतात. यिर्मयाचा सल्ला लोकांनी अक्षरशः पाळला होता, याची साक्ष या मातीने जपून ठेवली आहे.

स्तोत्रसंहितेतील १३७ वे स्तोत्र आपण जाणतो. बाबेलच्या नद्यांकाठी बसून सियोनसाठी अश्रू ढाळणारी माणसे त्यात आहेत. ते दुःख खरे होते. परंतु त्याच नद्यांच्या पाण्यावर शेते पिकत होती, हेही तितकेच खरे होते. स्थलांतरिताच्या जीवनात ही दोन्ही सत्ये एकत्र नांदतात. भाषा हळूहळू बदलली. घरात इब्री आणि बाजारात अरामी अशी विभागणी आधी झाली असावी. पुढे अरामी घरातही शिरली. महिन्यांची निसान, तम्मूज, अदार ही नावे यहूद्यांनी बाबेलमधूनच घेतली. ज्या पुढाऱ्याने त्यांना परत आणले त्या जरुब्बाबेलचे नावही बाबेली असून 'बाबेलचे बीज' असा त्याचा अर्थ केला जातो. तो यहोयाखीन राजाचा नातू, दाविदाच्या वंशातला. पण नाव त्या देशाचे. आपल्या पोरांना परदेशी नावे ठेवणाऱ्या आईबापांवर टीका करण्यापूर्वी हे आठवावे.

हुकूम निघाला, पण सारे निघाले नाहीत

इ. स. पूर्व ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश, ज्याला इतिहासकार सायरस म्हणतात, बाबेलमध्ये विजयी होऊन शिरला. जिंकलेल्या लोकांच्या देवतांना आणि माणसांना त्यांच्या मूळ स्थानी जाऊ द्यावे, असे त्याचे धोरण होते. ते सांगणारा, जेमतेम वीतभर लांबीचा मातीचा दंडगोल १८७९ साली बाबेलच्या अवशेषांत सापडला. तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असतो. २०१३ च्या अखेरीस मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही तो काही आठवडे पाहावयास मिळाला होता. त्यात यहूदाचे नाव नाही. परंतु एज्राच्या ग्रंथात ज्या हुकूमनाम्याची नोंद आहे तो याच धोरणाला धरून होता.

वाट मोकळी झाली, तेव्हा सगळे उठून निघाले असे मुळीच झाले नाही. एज्राच्या दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची सविस्तर यादी आहे : ४२,३६० माणसे, ७,३३७ दासदासी, २०० गायक-गायिका, ७३६ घोडे, २४५ खेचरे, ४३५ उंट आणि ६,७२० गाढवे. यादी वाचताना रेल्वेच्या फलाटावर सामान मोजणाऱ्या बापाची आठवण होते. पण जे राहिले त्यांची यादी कोणी केली नाही. निप्पूर येथे सापडलेल्या मुरशू नावाच्या व्यापारी घराण्याच्या दफ्तरात पुढे शंभर वर्षांनंतरही यहूदी नावे दिसतात. राहिलेल्यांनी श्रद्धा सोडली नव्हती. पुढे कित्येक शतकांनी बाबेली तालमूद हा ज्यू धर्माचा महान ग्रंथ त्यांच्याच परंपरेतून निपजला. म्हणून परतला तो निष्ठावान आणि राहिला तो लोभी, असा हिशेब मांडता येत नाही. आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया जपानला गेला आणि १५९७ साली नागासाकी येथे हुतात्मा झाला. तो परतला नाही, म्हणून आपण त्याला कधी परका मानले आहे काय?

परतलेल्यांच्या वाट्याला काय आले? मंदिराचा पाया घातला गेला त्या दिवशीचे दृश्य एज्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ज्या वृद्धांनी पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिले होते ते मोठ्याने रडू लागले. तरुण आनंदाने गर्जना करू लागले. आणि दुरून ऐकणाऱ्यांना रडण्याचा आवाज कोणता आणि हर्षाचा कोणता, हे ओळखता येईना. परतण्याच्या अनुभवाचे याहून नेमके वर्णन मला ठाऊक नाही. बापाच्या डोळ्यांपुढे त्याच्या बालपणीचे गाव असते. बावखल, केळीची वाडी, रहाट, सणाची मिरवणूक हे सारे त्याने परदेशी जपलेले असते. तो परततो तेव्हा बावखल बुजलेले असते आणि वाडीच्या जागी इमारत उभी असते. मुलांनी मात्र जुने काही पाहिलेलेच नसल्यामुळे ती तुलना करू शकत नाहीत. एकाच घरात एक जण हरवलेल्यासाठी रडतो, दुसऱ्याला तिथे काय हरवले तेच कळत नाही.

पाया घातला, पण शेजाऱ्यांच्या विरोधामुळे काम थांबले ते बरीच वर्षे. इ. स. पूर्व ५२० मध्ये हाग्गय संदेष्ट्याने लोकांना खडसावले, तेव्हा त्याने त्यांच्या आर्थिक स्थितीचे चित्रच उभे केले : पेरणी पुष्कळ, पीक थोडे आणि मजुरी जणू भोक पडलेल्या पिशवीत टाकलेली. परदेशातून आणलेली पुंजी दोन-तीन वर्षांत कशी झिरपून जाते, हे आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना विचारावे. मंदिर अखेर इ. स. पूर्व ५१५ मध्ये पूर्ण झाले.

लेकरांसाठी केलेला उपवास

परतीची दुसरी मोठी तुकडी एज्रा शास्त्र्याबरोबर आली. परंपरागत कालगणनेनुसार हे वर्ष इ. स. पूर्व ४५८. एज्रा आधी आला की नहेम्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मी येथे शास्त्रातील क्रम धरतो. पहिल्या हुकूमनाम्याला तोवर ऐंशी वर्षे लोटली होती. एज्राबरोबर निघालेल्या पुरुषांची संख्या दीड हजाराच्या आसपास होती. बायकामुले धरली तर तांडा काही हजारांचा झाला असणार. लेवी मात्र एकही आला नव्हता. एज्राने मुद्दाम निरोप पाठवला, तेव्हा कुठे ३८ लेवी मिळाले. बाबेलमध्ये त्यांचे बरे चालले होते, मंदिरात दुय्यम चाकरी करायला कोण येणार?

अहवा नदीकाठी तांडा तीन दिवस थांबला. तेथे एज्राने उपवासाची घोषणा केली. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून देवाकडे मागणे मागायचे होते आणि ते कोणासाठी, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले आहे : स्वतःसाठी, लहान मुलाबाळांसाठी आणि सर्व मालमत्तेसाठी. देव आमचे रक्षण करतो, असे राजाला अभिमानाने सांगून बसल्यामुळे आता त्याच्याकडे घोडेस्वार मागायची त्याला लाज वाटत होती, हेही तो प्रांजळपणे सांगतो. पुढचा मार्ग नदीच्या काठाने वर जाऊन मग दक्षिणेकडे उतरणारा, सुमारे १,४०० ते १,५०० किलोमीटरचा. बाबेलपासून यरुशलेमपर्यंत चार महिने लागले.

त्या लेकरांना कोणी विचारले होते का? ग्रंथात तसे काही नाही. परंतु त्यांच्यासाठी उपवास केला गेला, एवढे मात्र आहे. परतण्याचा निर्णय घेताना आईवडील जागेची किंमत, बँकेतील रक्कम, म्हाताऱ्या आईचे आजारपण या सर्वांचा विचार करतात. मुलांच्या शाळेचाही करतात. पण मुलांच्या मनासाठी एखादा दिवस थांबून प्रार्थना किती घरांत होते? अहवा नदीकाठचे ते तीन दिवस प्रत्येक परतणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला यावेत, असे मला वाटते.

पाणवेशीसमोर

इ. स. पूर्व ४४५ मध्ये नहेम्या आला. पारसाच्या राजाचा तो प्यालेबरदार, शूशन येथील राजवाड्यात वावरणारा. त्याने ५२ दिवसांत नगराचा तट उभा केला. तट उभा राहिला तरी नगर रिकामेच होते. शेवटी चिठ्ठ्या टाकून दहांतील एका कुटुंबाला यरुशलेमात राहायला पाठवावे लागले आणि जे आपण होऊन गेले त्यांना लोकांनी दुवा दिला. त्याच काळात गरिबांनी नहेम्यापुढे गाऱ्हाणे मांडले की, शेते गहाण पडली असून करापायी मुलेमुली दास्यात द्यावी लागत आहेत. आणि सावकार कोण, तर आपलेच बांधव! नहेम्याने सावकारांना बोलावून व्याज सोडायला आणि शेते परत करायला लावली. मायभूमीत परतणाऱ्याला लुबाडणारे हात पुष्कळदा आप्तांचेच असतात, हा अनुभवही काही नवा नाही.

यानंतर नहेम्याच्या आठव्या अध्यायातील तो प्रसंग येतो. पाणवेशीसमोरील चौकात सारे लोक जमले : पुरुष, स्त्रिया आणि ज्यांना ऐकून समजू शकेल असे सर्व. म्हणजे जाणती मुलेही. एज्राने लाकडी मंचावर उभे राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले. लेवी लोकांमध्ये फिरून वाचलेल्याचा अर्थ समजावून देत होते. शास्त्र इब्री भाषेत, आणि लोकांपैकी पुष्कळांच्या तोंडी अरामी. शास्त्राच्या अरामी भाषांतराला ज्यू लोक तार्गूम म्हणतात आणि त्याचा आरंभ ज्यू परंपरा या चौकातच पाहते. लोक ऐकता ऐकता रडू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, हा दिवस रडण्याचा नाही. गोडधोड करा आणि ज्यांच्या घरी काही शिजले नसेल त्यांना वाटा पाठवा.

हा उतारा 'क' वर्षी सामान्य काळाच्या तिसऱ्या रविवारी आपल्या मंदिरांत वाचला जातो. त्याच रविवारी 'देवशब्दाचा रविवार' पाळावा, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली ठरवून दिले, आणि त्या पत्रात त्यांनी याच प्रसंगाची आठवण करून दिली आहे. मी तो उतारा कितीतरी वेळा वाचला होता. पण ज्यांना भाषा येत नव्हती त्यांना तेथे कोणीही दटावले नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. लेवी त्यांच्यापर्यंत चालत गेले.

नहेम्याचा राग

आता तेरावा अध्याय. नहेम्या काही काळ राजाकडे जाऊन पुन्हा यरुशलेमला आला होता. काही यहूद्यांनी अश्दोद, अम्मोन आणि मवाब येथील बायका केल्या होत्या. त्यांची निम्मी मुले अश्दोदची बोली बोलत आणि त्यांना यहूदाची भाषा येत नसे. नहेम्याने बापांची हजेरी घेतली, त्यांना शाप दिले, काहींना मारले आणि त्यांचे केस उपटले.

त्याच्या भयाला कारण होते. चिमूटभर समाज, चारी बाजूंनी बलाढ्य शेजारी. भाषा गेली की शास्त्र गेले, शास्त्र गेले की लोक म्हणून आपण संपलो, हे त्याला दिसत होते. ज्या समाजाची बोली आज घरातून अंगणात आणि अंगणातून विस्मरणात चालली आहे, त्या आपल्या समाजाला त्याची तळमळ समजायला हरकत नाही. परंतु दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. एक, नहेम्या स्वतः परदेशात वाढलेला होता. राजाला प्याला देताना तो काही इब्री बोलत नसणार. दोन, त्याने मारले ते बापांना. लेकरांना त्याने हात लावल्याचे ग्रंथात नाही. त्या रात्री हे वाचताना मला माझीच लाज वाटली. नहेम्याने रागातही जो विवेक पाळला, तो मी वर्गात पाळला नव्हता. मराठी येत नाही, हा त्या मुलाचा दोष नव्हता.

याच काळातील याहून कठीण प्रसंग एज्राच्या ग्रंथाच्या शेवटी आहे. परक्या बायकांना त्यांच्या मुलांसह दूर करण्याचा निर्णय तेथे झाला. पाऊस कोसळत असताना लोक मंदिराच्या चौकात थरथरत बसले होते, असे वर्णन आहे. आणि त्यांपैकी काही बायकांना मुलेही होती, एवढे सांगून ग्रंथ थांबतो. त्या मुलांचे पुढे काय झाले, ते कोणी लिहिलेले नाही. मात्र त्याच पवित्र शास्त्रात रूथचा ग्रंथही आहे. नामी दुष्काळामुळे मवाबात गेली आणि दहा वर्षांनी पती व दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परतली. तिच्याबरोबर आली ती परकी सून. ती मवाबी सून दाविदाची पणजी झाली. ख्रिस्तसभेने दोन्ही ग्रंथ एकाच शास्त्रात जपले आहेत, याचा विचार व्हावा.

कोकणापासून अम्मानपर्यंत

हा इतिहास आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल समाजाचा शनिवार तेली म्हणून परिचय होता. शब्बाथ पाळणारी ही माणसे मराठीत बोलत आणि शास्त्रातील कथांवर मराठीत कीर्तने करीत. १९४८ नंतर त्यांपैकी बहुसंख्य इस्रायलला गेले. ते पूर्वजांच्या भूमीला 'परतले' होते, पण मुले तर अलिबाग, पनवेल आणि मुंबईची होती! तेथील कष्टांना आणि भेदभावाला कंटाळून शंभराहून अधिक जणांनी १९५१ साली धरणे धरले आणि १९५२ मध्ये ते भारतात आले. पुढे त्यांतील बरेच जण पुन्हा इस्रायलला गेले. विवाहाच्या प्रश्नावरून तेथील धर्मपीठाने त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेतली. हा वाद चिघळत जाऊन अखेर १९६४ साली त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. याच बेने इस्राएलांनी इस्रायलमधून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. पूर्वजांच्या भूमीत पोहोचल्यावर त्यांना मायबोली आठवली ती मराठी. मनुष्याला एकच घर असते, असे म्हणणाऱ्याने हा नावाचा अर्थ लक्षात घ्यावा. आणि गंमत पाहा : बाबेलमध्ये मागे राहिलेल्यांचे वंशज, इराकमधील सुमारे एक लाख वीस हजार ज्यू, १९५० च्या दशकाच्या आरंभी विमानांनी इस्रायलला आणले गेले, तेव्हा त्या मोहिमेला नावे दिली गेली ती एज्रा आणि नहेम्या यांचीच. त्यांतील पुष्कळांची मुले कित्येक वर्षे तंबूंच्या छावण्यांत वाढली.

आपली स्वतःची आठवण १९९० ची आहे. २ ऑगस्टला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. तेथील भारतीयांना इराकमार्गे जॉर्डनमधील अम्मान गाठावे लागले आणि तेथून एअर इंडियाच्या विमानांनी सुमारे दोन महिन्यांत लाखाहून अधिक माणसे मुंबईला आणली. मी त्या वेळी नुकताच सेमिनरीत दाखल झालो होतो. विमानतळावरून घरी आलेल्या कुटुंबांचे स्वागत, आभाराच्या मिस्सा, आयांचे अश्रू हे सारे मला आठवते. मुले आठवत नाहीत. त्या गडबडीत त्यांच्याकडे कोणी पाहिले नसावे. शाळेचे वर्ष मध्येच तुटले होते, दाखले मागे राहिले होते, आणि ओटीवर जमलेल्या नातलगांची बोली त्यांना कळत नव्हती. १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाल्यावर अनेक बाप पुन्हा तिकडे गेले आणि घराची पुन्हा विभागणी झाली.

नाझरेथचा रस्ता

मत्तयच्या शुभवर्तमानातील वंशावळीत बाबेलच्या बंदिवासाला मुद्दाम स्थान आहे. दाविदापासून बंदिवासापर्यंत चौदा पिढ्या आणि तेथून ख्रिस्तापर्यंत चौदा पिढ्या. तेलाच्या शिध्यावर जगलेला यहोयाखीन त्या वंशावळीत आहे, बाबेली नावाचा जरुब्बाबेल आहे, मवाबी रूथही आहे. आणि पुढच्याच अध्यायात एक लहान कुटुंब परदेशातून मायदेशी परतते. हेरोद मेल्यावर योसेफ बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देशातून निघाला. पण यहूदियात अर्खेलाव राज्य करीत आहे हे कळताच तो तिकडे गेला नाही. गालीलात नाझरेथला जाऊन राहिला. दाविदाच्या नगरावर त्याच्या कुळाचा हक्क होता. तरी त्याने आधी पाहिले ते बाळाचे हित.

परतणाऱ्या आईवडिलांना मी आता एवढेच सांगतो की, तुमचे गाव तुमच्या मुलांना वारशाने आपोआप मिळत नाही. ते त्यांना हळूहळू ओळखीचे करून द्यावे लागते. बोली जरूर शिकवा. आजीच्या मांडीवर बसवून, स्वयंपाकघरात, सणाच्या दिवशी शिकवा. पण ती येत नाही म्हणून त्यांना लाजवू नका. परदेशातील त्यांची शाळा, तेथील त्यांचे मंदिर, मित्र यांची आठवण घरात निघू द्या. आणि धर्मग्रामातील आपणा सर्वांना, माझ्यासह, सांगायचे ते हे की, लेव्यांचे काम आपले आहे. चौकात मागे उभ्या असलेल्या मुलापर्यंत आपण चालत गेले पाहिजे.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. सर्वांदेखत रागावलो होतो, म्हणून त्याच्या आईवडिलांदेखत त्याची क्षमा मागितली. मग आम्ही दोघांनी ती प्रार्थना आधी त्याच्या इंग्रजीत म्हटली आणि नंतर ओळीओळीने मराठीत. दोन-तीन शब्दांवर तो अडला. त्याची आजी दारात उभी होती. तिने ते शब्द सामवेदीत समजावून सांगितले. पुढच्या रविवारी तो वर्गात आला.